मानेतली सळई

विद्युत् गिटार आणि बास गिटार यांची निगा, जुळणी व ध्वनिमुद्रण या विषयावर विस्ताराने लिहावे, अशी संपादकांची सूचना होती, आणि विषयाचा हा पसारा पाहून आरंभी मीही पुष्कळ टिपणे जमविली होती. परंतु गिरगावातील एका माडीवरच्या दुरुस्तीच्या खोलीत तेथील वृद्ध मिस्त्रींनी एका बास गिटारचे चार स्क्रू काढून तिची मान धडापासून अलग केली आणि त्या मानेच्या बुंध्याशी लाकडात रुतलेला, चौफुली खाचेचा एक लहानसा नट मला दाखविला, तेव्हापासून माझे लक्ष दुसऱ्या कशावर म्हणून ठरले नाही. या वाद्याचा स्वर, वादकाच्या बोटांचे सुख आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होणारे यश अथवा फजिती, यांपैकी पुष्कळसे त्या नटाच्या पाव फेऱ्यावर अवलंबून असते, ही गोष्ट बाहेरच्या माणसास सांगूनही खरी वाटणार नाही.

कारखान्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाचे १९३८ पासून रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे; परंतु वादकांच्या तक्रारी कान देऊन ऐकण्याची आणि बिघडलेली वस्तू उघडून बिघाडाचे कारण शोधण्याची वृत्ती त्याच्या अंगी पुरेपूर होती. सिएटल येथे पॉल टुटमार्क याने १९३६ च्या सुमारास पडद्यांचा विद्युत् बास घडविला होता खरा, पण तो रूढ झाला नाही. उभ्या, अवजड आणि वाद्यमेळात ऐकू न येणाऱ्या डबल बासला खरा पर्याय मिळाला तो फेंडरने १९५१ साली विक्रीस आणलेल्या ‘प्रिसिजन बास’च्या रूपाने. मानेवर पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागतो, हाच त्या नावाचा दावा होता. मान चिकटवून न टाकता स्क्रूंनी बसविण्याची त्याची पद्धत दुरुस्ती करणाऱ्याच्या बुद्धीतूनच निघालेली दिसते: बिघडली तर काढावी, दुसरी लावावी.

या बुद्धीने त्याला एके ठिकाणी मात्र दगा दिला. मानेच्या पोटातून लोखंडी सळई घालून तिचा ताण कमीअधिक करण्याची युक्ती गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅक्ह्यू याच्या नावे १९२३ पासून पेटंटात नोंदलेली होती. परंतु मेपलचे लाकूड इतके कणखर की त्याला सळईची गरज नाही, असा फेंडरचा समज असल्याने १९५० मधल्या त्याच्या पहिल्या गिटारी सळईवाचूनच बाहेर पडल्या. माना वाकू लागल्या, तेव्हा तजवीज बदलावी लागली. मानेच्या पाठीला लांब चर पाडून त्यात सळई बसवायची आणि वरून अक्रोडाच्या लाकडाची काळसर पट्टी भरून चर बुजवायचा, असा जो मार्ग काढला गेला, त्याची खूण आजही त्या जातीच्या वाद्याच्या पाठीवर उघड दिसते. १९६५ साली फेंडरने आपला कारखाना एक कोटी तीस लाख डॉलरांना सीबीएस कंपनीस विकला; सळई मात्र तेथेच राहिली.

तिचे काम काय, हे समजण्यासाठी मानेवरचा भार ध्यानी घ्यावा लागतो. खुंट्यांजवळच्या हाडाच्या पट्टीपासून घोडीपर्यंत बासच्या तारेची बोलती लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. नेहमीच्या जाडीच्या चार तारा स्वरात आणल्या की त्या मिळून मानेला सुमारे ८० किलो वजनाइतक्या ओढीने पुढे खेचतात, आणि ही ओढ दिवसरात्र, वाद्य पेटीत निजलेले असतानाही चालूच राहते. सळई वक्र चरात बसविलेली असल्याने नट आवळला म्हणजे ती मानेला उलट बाजूस रेटते. तरीही मान अगदी सरळ करणे हा उद्देश नव्हे. तार छेडली असता तिचे कंपन मध्यभागी सर्वांत रुंद असते, तेव्हा त्या रुंदीला जागा मिळावी इतपत, साधारण ०.३ मिलिमीटर, मान पुढे झुकलेली हवी असते. मिस्त्री तार पहिल्या पडद्यावर चापाने आणि शेवटच्या पडद्यावर बोटाने दाबून धरतात, म्हणजे तारच पट्टीचे काम करते. मग सातव्या-आठव्या पडद्याशी पोलादाची पातळ पाती सरकवून फट किती ते पाहतात.

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्यांनी कानांनी अनुभवली आहे, त्यांना येथे एक विलक्षण विरोध जाणवेल. तेथे घोडीचा माथा घासूनघासून असा केला जातो की तार त्याला पुसट स्पर्श करीत राहावी आणि त्या घर्षणातून स्वरांचे उपस्वर फुलून यावेत; येथे तोच पुसट स्पर्श पडद्यावर झाला की त्याला ‘बझ’ म्हणतात आणि वाद्य दुरुस्तीला येते. मात्र दोन्ही कारागिरांची नजर केसाएवढ्या अंतरावरच लागलेली असते, आणि दोघेही अखेरचा निवाडा मापाकडून नव्हे तर कानाकडून घेतात.

आता त्या नटाच्या हट्टीपणाविषयी. पुढच्या काळात तो मानेच्या डोक्याकडे आणला गेल्यामुळे तारा चढलेल्या असतानाच किल्ली घालून फिरविता येऊ लागला. परंतु मी पाहिलेला बास जुन्या नमुन्यावर बेतलेला होता, आणि जुन्या नमुन्यात तो मानेच्या बुंध्याशी, धडाच्या खाचेत दडलेला असतो. सबब तारा ढिल्या करायच्या, मान उतरवायची, नट पाव फेरा किंवा त्याहूनही कमी आवळायचा, मान पुन्हा चढवायची, तारा स्वरात आणायच्या आणि मग कोठे कळणार की आपला अंदाज बरोबर होता की चुकीचा. ज्या ओढीविरुद्ध सळईला झगडायचे, ती ओढ नट फिरविण्याच्या क्षणी अस्तित्वातच नसते. कारागीर जणू अनुपस्थित प्रतिपक्षाविरुद्ध फिर्याद लिहीत असतो. मिस्त्रींनी हे सारे विलक्षण शांतपणे चालविले होते. मी विचारले की, एकदम अर्धा फेरा का देत नाही? ते म्हणाले, “साहेब, लाकूड लगेच ऐकत नाही. आज पाव फेरा दिला तर उद्या सकाळी उत्तर देतं. आपण घाई केली की आटे जातात.”

मानेचा निकाल लागल्यावाचून पुढची कामे हाती घ्यायची नाहीत, हा त्यांचा दंडक मला फार मोलाचा वाटला. तारांची उंची घोडीवरच्या स्क्रूंनी ठरते आणि सतराव्या पडद्याशी ती सुमारे दोन ते पावणेतीन मिलिमीटर ठेवतात. पण मान वाकडी असताना ती कितीही जुळविली तरी खालच्या पडद्यांवर सुख आणि वरच्यांवर खडखड, किंवा याच्या उलट, असाच प्रकार होतो. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक पडद्यावर स्वर अचूक लागेल अशी जुळणी. बारावा पडदा तारेच्या गणिती मध्यावर असतो. परंतु तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो, शिवाय जाड तारेचा ताठरपणा त्यात भर घालतो. म्हणून घोडीवरचा प्रत्येक तारेचा टेकू निराळा मागे सरकवून लांबी वाढवावी लागते. जाड तारेचा अधिक, बारीक तारेचा कमी. तार जुनी, घामाने गंजलेली आणि ठिकठिकाणी सारख्या वजनाची न राहिलेली असेल, तर हा मेळ बसविता बसत नाही.

येथे डेट्रॉइटचा बासवादक जेम्स जेमर्सन याची आठवण येणे अपरिहार्य आहे. मोटाउन कंपनीच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील लहानशा स्टुडिओत साठच्या दशकात ज्या असंख्य गाण्यांचा पाया त्याने घातला, ती बहुतेक १९६२ सालच्या एकाच प्रिसिजन बासवर वाजविलेली आहेत; त्यावर जाड, सपाट गुंडाळीच्या तारा होत्या, त्या तुटल्याखेरीज तो बदलीत नसे, आणि त्यांची उंची इतकी होती की इतरांना तो बास वाजविणे जड जाई. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो तार छेडी, घोडीच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा असे, आणि वाद्य बहुधा ॲम्प्लिफायरपुढे मायक्रोफोन न ठेवता थेट मुद्रणयंत्रणेस जोडलेले असे. नियमांच्या पुस्तकात हे सारे बसत नाही. तरी मला वाटते, जेमर्सनने जुळणीची हयगय केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या हाताला आणि कानाला मानवणारी जुळणी सापडल्यावर तिला हात लावू द्यायचा नाही, एवढाच त्याचा आग्रह होता. १९८३ साली त्याच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस तो बास चोरीस गेला.

मुंबईतही या वाद्याने मोठे काम केले आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवीत, आणि त्या काळची गाणी चांगल्या ध्वनिक्षेपकावर ऐकली तर चालीचा कणा कोठे आहे हे लगेच कळते. परंतु या शहरात बास मुद्रित करणाऱ्यापुढे काही अडचणी अशा आहेत की त्यांचा कायमचा बंदोबस्त होत नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आणि बासच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी निघणारा स्वर ४९ हर्ट्झचा. विजेच्या गुणगुणण्याचा दुप्पट स्वर १०० हर्ट्झ, तर सर्वांत बारीक मोकळी तार ९८ हर्ट्झची. म्हणजे गुणगुण छाटायला जावे तर गाण्याचा स्वरच छाटला जातो. प्रिसिजन बासचा पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेत उतरविणारा भाग, १९५७ पासून दोन तुकड्यांचा झाला; त्यातली वेटोळी परस्परविरुद्ध गुंडाळलेली असल्याने ही गुणगुण बरीचशी आपोआप खोडली जाते. पण फेंडरच्याच ‘जॅझ बास’चा एकच पिकअप उघडा ठेवला, आणि इमारतीचे अर्थिंग सदोष असले, की ती पुन्हा हजर. पिकअपचा दुबळा प्रवाह लांब केबलमधून जाताना वरचे स्वर गमावतो, म्हणून वाटेत डीआय बॉक्स, म्हणजे तो प्रवाह मुद्रणयंत्रणेस जुळता करून देणारी लहान पेटी, घालावा लागतो. त्याच्या जोडीला ॲम्प्लिफायरपुढे मायक्रोफोन ठेवावा, तर ३४ सेंटिमीटर अंतरामागे आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही मुद्रणे एकत्र केली असता काही स्वर फुगतात, काही पोकळ होतात. मग एकेक मुद्रण मागेपुढे सरकवून कानाने जुळवीत बसावे लागते.

आणि पावसाळा. मेपलची मान आणि तिच्यावरची शिसवाची पट्टी ही दोन लाकडे ओलावा सारख्या प्रमाणात पीत नाहीत. जून लागला की मिस्त्रींच्या खोलीत वाद्यांची रीघ लागते, आणि वातानुकूलित स्टुडिओच्या कोरड्या हवेत नेताच तीच वाद्ये पुन्हा निराळी वागतात. शिसवाची गोष्टही सोपी राहिलेली नाही. हे आपल्याच सह्याद्रीतले, आपल्याच घराघरांतील पलंग-कपाटांचे लाकूड. २०१७ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत ते आले आणि तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळेपर्यंत वाद्यासोबत परवान्यांचे कागद हिंडविण्याची पाळी आली.

मी पाहिलेल्या त्या बासची स्थिती यांहूनही कठीण निघाली. नट शेवटच्या आट्यापर्यंत पोचला होता आणि फट अजून हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट होती. सक्तीने आवळला तर सळई तुटणार, आणि तुटली तर पट्टी उखडून नवी सळई बसविण्यावाचून इलाज नाही. मिस्त्रींनी नटाखाली एक वायसर घालून आट्यांना थोडी पकड मिळवून दिली, मान चढविली, तारा स्वरात आणल्या आणि वाद्य रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पाती घालून पाहिली तेव्हा थोडा उतार पडला होता, पुरेसा नव्हे. पुढचा उपाय म्हणजे मान शेकून, शिकंज्यात धरून उलट वाकविणे, आणि तोही फसला तर पडदे काढून पट्टी घासणे.

वादकाला त्यांनी दूरध्वनी करून मुद्रणाची तारीख पुढे ढकलण्यास सांगितले. पलीकडून उत्तर आले की स्टुडिओची तारीख हलणार नाही. या खेपेस बासचे काम कीबोर्डवरच उरकतील. “मग घाई नाही ना?” मिस्त्री म्हणाले. “तर पडदेही काढतो आणि मान नीटच करून देतो. दिवाळीनंतर हवा सुकली की न्यायला या.” आणि पडदे काढण्याच्या खर्चाचा आकडा सांगून, त्याला वादकाची संमती घेऊन, त्यांनी तो वहीत लिहून ठेवला.