परवानगी नाकारली? 40 दिवस मोजायला लागा

अब्बांच्या जुन्या घरावर मजला चढवायचा, दोघा भावांची सोय होईल, म्हणून फाइल टाकली. अहिल्यानगर महापालिकेच्या नगररचना विभागाने नकार दिला. मग आपल्याकडे नगरसेवकाच्या घरी चकरा सुरू होतात. त्यातच मुदत निघून जाते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 47 नुसार अर्जदाराला राज्य शासनाकडे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मुदत, आदेश कळवल्याच्या तारखेपासून 40 दिवस. परवानगी दिली पण जाचक अट घातली, तरी अपील चालतं. दोन्ही बाजूंना सुनावणी मिळते आणि अट बदलूनही परवानगी मिळू शकते.

‘होणार नाही’ एवढं टेबलावर ऐकून परत येऊ नका. तोंडी नकारावर अपील कसलं करणार? लेखी आदेश मागा. नकाराची कारणं त्यात नमूद करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि अपिलात उत्तर त्याच कारणांना द्यायचं असतं.

60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळालीच समजा, असं एजंट सांगतात. हे अर्धंच खरं. बांधकाम नियमात बसत असेल तरच ते मानलं जातं. नाहीतर वर कलम 53 ची नोटीस यायची. ती आलीच, तर नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करा.

भिंगार छावणीच्या हद्दीत मात्र छावणी अधिनियम, 2006 लागू होतो, तिथली अपिलाची वाट वेगळी.