गेमिंग लॅपटॉप: कमी पैशांत काय पाहाल?

पैसे मर्यादित असतील, तर आधी ग्राफिक्स कार्ड पाहा. ते सहसा नंतर बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी बहुतेक मॉडेलांत पुढे वाढवता येतात. कार्डाच्या नावाबरोबर वॅटही विचारा: आरटीएक्स ४०५० हे ३५ ते ११५ वॅटपर्यंत मिळते आणि कमी वॅटचे कार्ड बरेच मंद चालते. कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, शक्यतो ६ जीबी हवी. १६ जीबी रॅमच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या गेममध्ये सरस ठरतात.

उष्णतेचाही विचार करा: भिलाईत मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापलेला लॅपटॉप आपोआप वेग कमी करतो, म्हणून दोन पंखे आणि हवेला मोकळी वाट असलेलेच मॉडेल निवडा. भिलाई, दुर्ग किंवा रायपूरमध्ये लॅपटॉपच्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे ना, याची बिल करण्याआधी खात्री करा.