चे यांचा देह ओळखणारा वार्ताहर
ब्रिटिश पत्रकार-इतिहासकार रिचर्ड गॉट यांनी १९६३मध्ये हवानात क्रांतिकारक चे गेव्हारा यांना पाहिले होते. पुढे चिलीच्या विद्यापीठात संशोधन करता करता ते ‘गार्डियन’ला बातम्या पाठवू लागले. ९ ऑक्टोबर १९६७. बोलिव्हियातल्या व्हायेग्रांदे गावात संध्याकाळी हेलिकॉप्टरच्या दांडीला बांधलेला मृतदेह उतरला. इस्पितळाच्या धुणीघरात ठेवलेला तो देह चे यांचाच, हे गॉट यांनी ओळखले. चे यांना जिवंतपणी पाहिलेले तिथे होतेच किती!

लॅटिन अमेरिकेतल्या गनिमी चळवळींवरचा त्यांचा ग्रंथ १९७०चा, क्युबाचा इतिहास २००४चा. सोव्हिएत खर्चाने प्रवास केल्याचे उघड झाल्यावर १९९४मध्ये त्यांनी ‘गार्डियन’ सोडले. ती चूक गंभीरच. पण व्हायेग्रांदेचे वार्तांकन तिने खोटे ठरत नाही.