छत्तीस तासांचे माहेर

भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला पाहुणा असा फारसा येत नाही. नागपूरहून रायपूरकडे निघालेली मोटार वैनगंगेचा पूल ओलांडते, चहापुरती थांबते आणि पुढे जाते. वाघ पाहणारी मंडळी बहुधा ताडोबाला, नाहीतर पेंचला वळतात. मध्ये उरतात त्या धानाच्या बांध्या आणि तळी. ‘तिकडे पाहण्यासारखं काय आहे हो?’ असे आमच्या एका पुणेकर व्याह्यांनी विचारले होते. ‘माझं माहेर आहे,’ एवढेच आई म्हणाली. व्याह्यांना तो विनोद वाटला.

त्या माहेरी आम्ही जानेवारीतल्या एका शनिवारी-रविवारी जाऊन आलो. एक मोटार, छत्तीस तास आणि सात माणसे: आई, मी, सौ., धाकटा भाऊ, त्याची बायको, आमचे चिरंजीव आणि कन्या. सोमवारी चिरंजिवांना पुण्याच्या कचेरीत आणि कन्येला नागपूरच्या शाळेत हजर व्हायचे होते. तेव्हा सगळा प्रवास वावटळीसारखा उरकणे भाग होते. चिरंजिवांनी मोबाइलवर वेळापत्रक मांडले. भंडारा पस्तीस मिनिटे, पवनी सव्वा तास, धरण चाळीस मिनिटे. आजीच्या माहेरासाठी त्यात ‘मुक्काम’ हा एकच शब्द होता.

एवढी घाई कशासाठी, ते सांगितले पाहिजे. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. शेताच्या सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबांचेच नाव. मामेभावांना जमीन आपल्या नावे करून घ्यायची होती, आणि त्यासाठी आत्याबाईंनी हक्कसोडपत्र करून द्यावे, असा फोन आला. पुढच्या बुधवारी साकोलीला दुय्यम निबंधकांकडे जायचेही त्यांनी ठरवून टाकले होते. त्यात वावगे असे काही त्यांना वाटले नाही, कारण बहिणीने लिहून द्यायचे ही आपल्याकडची रीतच आहे. सही करायची, लुगडेचोळी घ्यायची आणि माहेरचे दार आपल्याला उघडे ठेवायचे.

आमची भावजय बँकेत आहे. तिने कायदा काढला. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केले. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. आणि बाप त्या दुरुस्तीच्या आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. ‘मग सही कशाला करायची?’ हा तिचा सवाल. ‘चार बांध्यांसाठी आईचं माहेर तोडायचं का?’ हा धाकट्याचा. सौ. दोघांच्याही बाजूने बोलली. तिला ते साधते. आईने दोन दिवस सगळे ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘आधी मला तळं दाखवा. मग काय ते बघू.’

शनिवारी पहाटे पाचला निघालो. मौद्यापर्यंत धुके असे दाट की पुढच्या ट्रकचा तांबडा दिवा हाच आमचा वाटाड्या. वैनगंगेच्या पुलावर आईने सवयीने हात जोडले आणि नाणे मागितले. चिरंजिवांच्या खिशात नाणे नव्हते. त्यांचा सारा व्यवहार मोबाइलवर. शेवटी भावजयीच्या पर्समधून पाच रुपये निघाले आणि गंगामाईला पोचले.

भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी लांबलांबच्या घरांतून लखलखत असत. स्टीलने आणि अ‍ॅल्युमिनियमने त्या धंद्याचे कंबरडे मोडले, तरी दुकाने अजून आहेत. सौ.ने एक पितळी गंज घेतला, तो वाजवून, उलटा करून, परत ठेवून, पुन्हा उचलून. पस्तीस मिनिटांचा सव्वा तास झाला.

चहा पिताना धाकट्याने मुलांना सांगितले की १९५४ साली याच भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. भावजयीने लगेच पुढचे जोडले. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याचे एक मोठे कारण हिंदू कोड बिल रखडले हे होते. आणि मुलीला वाटा हा त्या बिलातलाच भाग. ‘म्हणजे आजीच्या सहीवरून दिल्लीत भांडण झालं होतं?’ कन्येने विचारले. धाकटा म्हणाला, ‘चहा संपव.’

भंडाऱ्याहून अड्याळवरून पवनी. गाव वैनगंगेच्या काठी, देवळांचे, घाटांचे आणि फार जुन्या तटबंदीचे. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्याचे धुरीण. टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहूनही जुना. त्याच्या कठड्याचे दगडी खांब सापडले, आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे. आज तिथे जाणाऱ्याला डोळे दिपवील असे काही दिसत नाही. भुईसपाट अवशेष, वाऱ्याने हलणारे गवत आणि खाली गाव. चिरंजीव चार छायाचित्रे काढून मोटारीकडे परतले सुद्धा.

मी आईला सांगितले, की त्या दात्यांत बायकाही होत्या. नवऱ्याचे नाव पुढे न करता स्वतःच्या नावाने दान दिलेल्या. आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, ‘दिलं म्हणजे तिचं होतं. दुसऱ्याचं कसं देता येईल?’

पवनीपासून जवळच गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचा पायाभरणी समारंभ झाला. तेव्हाचा अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. पुढे त्याचे किती हजार कोटी झाले, याची चर्चा विदर्भात नित्य चालते. भिंत अकरा किलोमीटरांहून लांब, दरवाजे तेहतीस. मुलांनी दरवाजे मोजले. आईने धरणाकडे पाठ करून मागच्या पाण्याकडे पाहिले. त्या पाण्याखाली कितीतरी गावे गेली, माणसे नव्या वसाहतींत उठून गेली. ‘यांची माहेरं कुठं शोधायची?’ असे ती म्हणाली, आणि मग थंडी वाजते म्हणून मोटारीत जाऊन बसली.

लाखांदूरमार्गे साकोलीकडे निघालो तेव्हा उन्हे कलली होती. हा रस्ता चिरंजिवांच्या वेळापत्रकात केवळ ‘प्रवास’ म्हणून नोंदलेला. पण मला विचाराल तर सगळ्या सहलीत पाहण्यासारखा हाच. धान कापून झालेल्या बांध्या, मधूनमधून पुंजणे, आणि कापणीआधीच ओल्या बांधीत फेकलेल्या लाखोळीला आलेली निळी फुले. दर दोन-तीन मैलांवर झाडीआड पाणी चमकायचे. आईची भाषा या वाटेवर हळूहळू बदलत गेली. झाडीबोलीत ळ नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा जन्मभर अभ्यास केला. नागपुरात पन्नास वर्षे ‘डोळा’ म्हणणारी आमची आई लाखांदूर सोडल्यावर ‘डोरा’ म्हणू लागली, आणि ते तिच्या ध्यानातही आले नाही.

रात्री आठला पोचलो. अंगणात शेकोटी होती. जेवायला वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि घरच्या चिन्नोर तांदळाचा भात. त्या भाताचा वास उंबऱ्यापर्यंत आला होता. थोरल्या मामेभावाने बुधवारचा विषय काढला. आई म्हणाली, ‘सकाळी बोलू, बापू.’ मग रात्रभर कोणालाच, पांघरुणे भरपूर असूनही, धड झोप लागली नसावी. मला तरी लागली नाही.

सकाळी साडेसहाला आई तळ्याच्या पाळीवर होती. आम्ही मागून धावत.

हे तळे म्हणजे खड्डा नव्हे, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून या मुलखात तळी बांधली. जो तळे बांधील त्याला त्याखालची जमीन, असा राजांचा शिरस्ता होता, असे सांगतात. दोन टेकड्यांच्या मधली उतरण हेरायची, आडवी मातीची पाळ घालायची, जादा पाणी वाहून जायला एका बाजूला सलांग ठेवायची, आणि पोटात बसवायचे तुडूम. तुडूम म्हणजे पाणी सोडायची पायरीपायरीची मोरी. वरच्या पायरीचे भोक आधी उघडायचे, पाणी उतरले की खालचे. त्यातून पाट, पाटातून बांधी, एका बांधीतून दुसरीत. यंत्र नाही, वीज नाही. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांवर तळी आहेत. मालगुजारी १९५१ साली गेली आणि तळी सरकारजमा झाली. लोक त्यांना आता ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. आईच्या माहेरच्या तळ्याला हे नाव दुहेरी शोभते.

जिल्ह्याच्या वाटणीतही तळीच वाटली गेली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि कोलू पाटील कोहळ्याने बांधलेला प्रसिद्ध नवेगाव बांध तिकडे गेला. भंडाऱ्याकडे शिवनीबांध राहिला. ‘जिल्ह्यांनीही हक्कसोड लिहून दिली का?’ असे भावजयीने पुटपुटून घेतले.

तळ्यात गाळ फार साचला होता. एका कडेला बेशरम माजली होती. तरी पाणी होते, आणि धीवर मंडळी छोट्या डोंग्यांतून शिंगाडे काढत होती. आईने आधी सलांग पाहिली, मग तुडुमाशी जाऊन उभी राहिली. लहानपणी आजोबा भोक उघडत आणि ती पाटाच्या कडेने पाण्याच्या पुढे पळे. पाणी आपल्या बांधीत आधी पोचते की आपण, अशी ती शर्यत. हे तिने आम्हांला साठ वर्षांत कधी सांगितले नव्हते.

‘पाट वाहतो का रे अजून?’ तिने विचारले.

‘वाहतो, आत्याबाई. आपल्या बांधीला शेवटचं पाणी पुरत नाही तेवढं. बोअर घेतली आता,’ थोरला म्हणाला.

‘माझ्या वाट्याची कोणती?’

थोरला गोंधळला. असा वाटा कधी पाडलाच नव्हता. तो कागदावर येण्याआधीच सुटायचा होता. धाकट्या मामेभावाने चाचरत विचारले, ‘म्हणजे तुमचा विचार बदलला का, आत्याबाई? तुम्हांला पायजे असंल तर सांगा. आमचं काही म्हणणं नाही.’ पण म्हणणे होते, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. माझ्या भावाने माझ्याकडे पाहिले. चार बांध्यांचे मोल बाजारात फार नसेल, पण त्या क्षणी पाळीवर उभ्या असलेल्या नऊ-दहा माणसांपैकी एकालाही पुढचा शब्द काढायचे धैर्य नव्हते.

आई म्हणाली, ‘मला जमीन नको. मी ती कसणार थोडीच? पण बुधवारी मी येणार नाही. आधी सातबाऱ्यावर माझं नाव चढव. बाबांच्या नावाखाली तुझ्या बापाचे वारस आणि मी, असं लिहून येऊ दे. तो कागद माझ्या हातात दे. मग मी सोडते.’

‘पण शेवटी सोडायचंच आहे तर...’ थोरला.

‘नाही त्याचं सोडायचं काय असतं, बापू?’

यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘तलाठ्याकडं अर्ज टाकतो.’ भावजयीने तिथल्या तिथे कोणते कागद लागतील ते त्याला सांगितले, मृत्यूच्या दाखल्यांपासून. दोघे पाळीवरच बसून यादी करू लागले. आदल्या रात्री ती दोघे एकमेकांशी धड बोलतही नव्हती.

निघताना आईची ओटी भरली गेली. डिकीत तांदळाचे पोते, ओल्या शिंगाड्यांची पिशवी आणि पितळी गंज. चिरंजिवांचे वेळापत्रक साडेतीन तास मागे पडले होते. लाखनी न थांबताच ओलांडली. भंडाऱ्याहून मात्र हमरस्ता सोडून आंभोऱ्याकडे वळलो, कारण २०२४ साली खुला झालेला तिथला तारांचा पूल मुलांना पाहायचा होता. वैनगंगेला इथे कन्हान, आम या नद्या मिळतात. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ इथेच रचला असे या भागातली परंपरा सांगते, जरी मराठवाडा तो मान अंबेजोगाईला देतो. पुलाच्या मनोऱ्यातल्या सज्जातून मुलांनी नद्या पाहिल्या. आई खालीच बसून शिंगाडे सोलत होती, आणि शेजारच्या अनोळखी बाईला, आपले शेत कुठे आहे, ते सांगत होती.

बुधवारची तारीख अर्थातच हुकली. फेरफार मंजूर होऊन उतारा हाती यायला उन्हाळा उजाडला. कन्येने तो आजीला तीनदा वाचून दाखवला. थोरला मामेभाऊ नंतर दोनदा फोन करून गेला. आईने हक्कसोडीला भाऊबीजेनंतरचा दिवस मागून घेतला आहे. त्या आठवड्यात तिकडे गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार असते. या खेपेला वेळापत्रक तीच करणार आहे, आणि ते चार दिवसांचे आहे.