भूमिकाखेळ आणि स्त्रिया

ज्या खेळात खेळणारी व्यक्ती दुसऱ्या कोणाची तरी भूमिका घेते आणि त्या भूमिकेतून बोलते, वागते व निर्णय घेते, त्यास भूमिकाखेळ म्हणता येईल. या अर्थाने भातुकली हा भूमिकाखेळ आहे आणि मेजाभोवती बसून फाशांच्या साहाय्याने खेळला जाणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हाही भूमिकाखेळच आहे. पहिला मुलींचा समजला गेला, तर दुसरा दीर्घकाळ मुलग्यांचा. मेजावरील भूमिकाखेळात स्त्रियांना स्थान कसे मिळाले, हा पाश्चात्त्य देशांत गेली पन्नास वर्षे चर्चेत असलेला विषय आहे. महाराष्ट्रात मात्र भूमिका घेऊन खेळण्याची घरगुती परंपरा प्रामुख्याने स्त्रियांनीच सांभाळली.

खेळाची रीत

मेजावरील भूमिकाखेळात साधारणपणे चार ते सहा जण भाग घेतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, वाटेत भेटणाऱ्या लोकांच्या व राक्षसांच्या वतीने बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. इतर प्रत्येकाकडे एक पात्र असते. त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी इत्यादी गुण अंकांत मांडून एका कागदावर लिहिलेले असतात. पात्राने काही अवघड करायचे ठरविले, उदाहरणार्थ तटावरून उडी मारायची किंवा पहारेकऱ्याला थाप मारायची, तर फासा टाकून यशापयश ठरते. त्यासाठी नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशांबरोबर चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासेही वापरतात. सारीपाटात किंवा बुद्धिबळात कोणीतरी जिंकते आणि कोणीतरी हरते. येथे तसे नसते. गोष्ट पुढे नेणे हेच या खेळाचे प्रयोजन होय. एकच कथा महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालू राहते.

महाराष्ट्रातील स्त्रियांचे भूमिकाखेळ

भातुकलीत चूल, बोळकी, जाते, उखळ, पोळपाट-लाटणे अशी संसाराची छोटी प्रतिकृती मांडली जाते. गूळ, चुरमुरे, शेंगदाणे यांचा ‘स्वयंपाक’ होतो. कोणी आई होते, कोणी पाहुणी, कोणी बाजारात जाणारे बाबा. बाहुला-बाहुलीच्या लग्नात तर दोन पक्ष पडतात. वरपक्षाचा मानपान, विहिणीचे रुसणे, पंगतीतली उणीदुणी हे सारे मुली मोठ्यांचे पाहून हुबेहूब वठवितात. या खेळाला लिखित नियम नाहीत, पण नियम नाहीत असे नव्हे. विहीण झालेल्या मुलीने विहिणीसारखेच वागले पाहिजे. ती मध्येच स्वतःच्या आवाजात बोलू लागली की इतर मुली तिला लगेच टोकतात.

विवाहानंतर या खेळाची जागा मंगळागौरीने घेतली. श्रावणातील मंगळवारी नवविवाहितेने, लग्नानंतर पहिली पाच वर्षे, ही पूजा करावयाची असा प्रघात आहे. सकाळी पत्री वाहून पूजा होते आणि रात्री जागरण. जागरणासाठी फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडे, आगोटा-पागोटा असे खेळ रंगतात. त्यांपैकी काही केवळ शरीराच्या चपळाईचे आहेत. भूमिकाखेळाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते सासू-सून, नणंद-भावजय, सवती-सवती यांच्या भांडणांचे खेळ. एक जण सासू होते, दुसरी सून; बाकीच्या भोवती उभ्या राहून कधी हिची तर कधी तिची बाजू घेतात. ठरलेल्या ओळी संपल्या की हजरजबाबी बायका पदरच्या भर घालतात आणि खरा रंग तेथेच भरतो. पिंग्यातही दोघी समोरासमोर येऊन एकमेकींवर कुरघोडी करतात.

या खेळांचे सामाजिक मोल समजण्यासाठी ते खेळणाऱ्यांचे वय ध्यानात घ्यावे लागते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले; त्यापूर्वी आठ-दहा वर्षांच्या मुली सासरी जात असत. ज्या घरात सुनेने सासूसमोर मान वर करून बोलणे निषिद्ध, त्याच घरात वर्षातून काही रात्री ती सासूची भूमिका घेऊन सासूचीच नक्कल करू शकत होती. बोलणे भूमिकेचे असल्यामुळे त्याचा जाब तिला द्यावा लागत नसे. अनेकदा खरी सासूही तेथेच बसून हसत असे. तक्रार आणि करमणूक यांतील सीमा येथे मुद्दाम पुसट ठेवलेली दिसते.

आश्विनातील भोंडला किंवा हादगा हाही याच कुळातला. पाटावर हत्ती काढून किंवा मांडून त्याभोवती मुली फेर धरतात. माहेरी जाण्याची परवानगी मागणारी सून आणि आधी कारल्याचे बी पेर, मग त्याचा वेल वाढू दे, असे सांगत तिला पुढेपुढे ढकलणारी सासू हा त्यातील सर्वपरिचित प्रसंग. अखेरीस खिरापत ओळखण्याचा खेळ असतो. भिवंडीतील कामतघर, पद्मनगर या भागांत यंत्रमागाच्या व्यवसायामुळे स्थिरावलेल्या तेलुगू भाषक पद्मशाली समाजातील स्त्रिया याच सुमारास फुलांची रचलेली बतुकम्मा मध्ये ठेवून फेर धरतात. भाषा वेगळी असली तरी मांडणीतील साम्य लक्षणीय आहे.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. मंगळागौरीचा मान सवाष्णींचा. विधवा स्त्रीला त्यात स्थान नव्हते. शिवाय हे सर्व खेळ माजघरात किंवा अंगणात, पुरुषांच्या दृष्टीआड चालत. चारचौघांत भूमिका करण्याचा अधिकार पुरुषांकडे होता, इतका की रंगभूमीवरील नायिकाही बालगंधर्वांसारखे पुरुष नटच साकारीत.

मेजावरील खेळाचा आरंभ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. छोट्या शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्या छांदिष्टांच्या मंडळांतून तो निर्माण झाला आणि ही मंडळे जवळपास संपूर्णतः पुरुषांची होती. मूळ नियमांत योद्ध्याला सरळ ‘फायटिंग मॅन’ असेच नाव होते.

तरीही स्त्रिया पहिल्या वर्षापासूनच या खेळात होत्या. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे हौशी नियतकालिक सुरू केले. खेळाडूंनी आपापले लेख पाठवायचे आणि संपादिकेने ते एकत्र बांधून सर्वांना धाडायचे, अशी त्याची पद्धत होती. खेळ कसा खेळावा याविषयीची आरंभीची बरीच चर्चा त्यातून झाली. जवळजवळ पन्नास वर्षे ते चालले. स्त्रिया या खेळात ‘नंतर आल्या’ हे वारंवार केले जाणारे विधान म्हणूनच तपासून घ्यावे असे आहे.

नियमांतील स्त्री

स्त्री खेळाडूपेक्षा स्त्री पात्राविषयीचा वाद अधिक गाजला. १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ या मासिकात आलेल्या एका लेखाने स्त्री योद्ध्यांना कमी बळ द्यावे आणि व्यक्तिप्रभावाऐवजी ‘सौंदर्य’ हा गुण मोजावा असे सुचविले. ती केवळ सूचना होती. १९७८ च्या अधिकृत नियमपुस्तकात मात्र भेद छापला गेला. तीन फाशांवर बळाचा कमाल अंक अठरा येतो. अठरा आलेल्या योद्ध्याने एक ते शंभर यांतील आणखी एक अंक काढावयाचा. जितका मोठा अंक तितके बळ अधिक. मानव पुरुषाला शंभरापर्यंत वाव होता, तर मानव स्त्रीला पन्नासाच्या पुढे जाता येत नसे. प्रत्यक्ष खेळात हा अंक क्वचितच निघे, म्हणजे व्यवहारात फरक अल्प होता. पण जेथे अग्निवर्षाव करणारे सर्प आणि उडते गालिचे चालतात, तेथे स्त्रीच्या दंडावरच वास्तवाचा आग्रह का धरावा, हा प्रश्न खेळाडूंनी विचारला आणि त्याला पटणारे उत्तर मिळाले नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकण्यात आली.

टीएसआर या प्रकाशक कंपनीच्या रचना विभागात नेमणूक झालेली पहिली स्त्री म्हणजे जीन वेल्स. त्या १९७९ मध्ये रुजू झाल्या. वाचकांच्या नियमविषयक शंकांना उत्तरे देणारे सदर त्यांनी चालविले आणि स्त्री खेळाडूंच्या तक्रारी मांडणारा लेख १९८० मध्ये किम मोहन यांच्यासह लिहिला. त्यांनी रचलेला ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ हा साहसप्रसंग १९८१ मध्ये छापून तयार झाला, पण त्यातील काही चित्रे व मजकूर आक्षेपार्ह ठरवून कंपनीने प्रती मागे घेतल्या. टॉम मोल्डवे यांनी त्याचे पुनर्लेखन केले आणि तीच आवृत्ती बाजारात राहिली. मूळ नारिंगी मुखपृष्ठाची प्रत आज संग्राहकांत दुर्मीळ व महाग समजली जाते.

त्याच दशकात लॉरा हिकमन यांनी पती ट्रेसी यांच्यासह ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) रचले आणि मार्गारेट वाइस यांनी ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेच्या कादंबऱ्या सहलेखनाने लिहिल्या. या दोन्ही कृती त्या खेळाच्या सर्वांत लोकप्रिय निर्मितींत गणल्या जातात.

सहभागातील वाढ

१९९१ मध्ये आलेल्या ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या खेळाने लढाईपेक्षा पात्रांच्या मनोव्यापारांवर व परस्परसंबंधांवर भर दिला. त्याकडे स्त्रिया मोठ्या संख्येने वळल्याचे सामान्यतः मानले जाते. २००० च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आवृत्तीत नियम समजावताना नमुन्याचे पात्र स्त्री असेल तेथे स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले गेले. मेगी बेकर यांनी व्हिन्सेंट बेकर यांच्यासह रचलेला ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) पुढील अनेक खेळांचा नमुना ठरला. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाने खेळ चालू असताना तो थेट दाखविण्याची प्रथा लोकप्रिय केली. त्यातील लॉरा बेली, मरिशा रे व ॲशली जॉन्सन यांना मेजाशी बसलेल्या पाहून अनेकींना हा खेळ प्रथमच आपला वाटला. त्या दशकाच्या अखेरीस प्रकाशकांनी सांगितल्यानुसार खेळाडूंपैकी सुमारे चाळीस टक्के स्त्रिया होत्या.

मेजावरील वर्तनाचेही काही संकेत रूढ झाले. खेळ सुरू करण्यापूर्वी एक बैठक घेऊन कोणते विषय कथेत नकोत हे ठरविले जाते. ‘एक्स-कार्ड’ या पद्धतीत मेजावर फुलीचे एक पत्र ठेवलेले असते. कोणालाही प्रसंग असह्य झाला तर त्यावर बोट ठेवावे आणि कारण न विचारता प्रसंग बदलावा. भूमिकेच्या आडून एखादीला खरोखरच त्रास देण्याचे प्रकार घडत असल्यामुळे स्त्री खेळाडूंना या पद्धतींचा विशेष उपयोग झाला. मंगळागौरीच्या रात्री हे काम जाणत्या बायका करीत. थट्टा वर्मी लागते असे दिसताच त्या दुसरा खेळ काढीत.

भारतीय संदर्भ

भारतात हा खेळ मुख्यतः मोठ्या शहरांतील इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांत खेळला जातो. नियमपुस्तके इंग्रजीत व महाग आहेत, ही त्याची मोठी अडचण होय. भारतीय वंशाच्या स्त्रियांचा निर्मितीतील वाटा मात्र वाढत आहे. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या अधिकृत संग्रहात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्या व दंतकथा यांवर आधारलेला साहसप्रसंग लिहिला. २०२३ मध्ये आलेल्या ‘देसीक्वेस्ट’ या मालिकेत दक्षिण आशियाई वंशाचे कलावंत खेळतात आणि सूत्रधार जस्मिन भुल्लर आहेत.

मराठीत मेजावरील खेळासाठी सर्वमान्य परिभाषा अद्याप तयार झालेली नाही. ‘डंजन मास्टर’साठी सूत्रधार हा नाट्यपरंपरेतील शब्द सहज बसतो, ‘कॅरेक्टर’साठी पात्र आहेच. दरम्यान मंगळागौरीचे खेळ महिला मंडळांच्या स्पर्धांतून व व्यावसायिक संचांतून रंगमंचावर आले आहेत. तेथे पुरुष प्रेक्षकही असतात आणि सासू-सुनेचे संवाद आधी लिहून पाठ केलेले असतात.