बाटली टाळूवर, मूळ खोलात

रेणापूरच्या सलूनमध्ये पंचविशीतला मुलगा खुर्चीत बसला की कारागीर सहज बोलून जातो, 'केस लईच विरळ व्हायलेत की!' लग्नाची बोलणी चालू असतील तर ते वाक्य जिव्हारी लागते. तिथून मुलगा थेट मेडिकलवर जातो आणि मिनॉक्सिडिलची बाटली आणतो. महिनाभरात केस आणखी गळतात. घाबरून तो बाटली फेकतो. ही सुरुवातीची गळती बहुधा तात्पुरती असते. फरक कळायला चार महिने तरी द्यावे लागतात.

औषधाची खरी अडचण मात्र वाटेत आहे. बाहेरचे काही आत शिरू नये, हेच तर कातडीच्या वरच्या थराचे काम. केसाचे मूळ त्याखाली काही मिलिमीटरवर. बरेचसे औषध वरच वाळते. ते आत न्यायला द्रावणात प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात आणि त्यानेच काहींच्या टाळूला खाज सुटते. त्यांच्यासाठी फेसाच्या रूपातले औषध बरे.

वाट मोकळी करण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. मुंबईतील सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी १०० पुरुषांचे दोन गट केले. दोघांनाही ५ टक्के मिनॉक्सिडिल, पण एका गटाच्या टाळूवर आठवड्यातून एकदा बारीक सुयांचा रोलरही फिरवला. १२ आठवड्यांनी मोजणीच्या जागेवर या गटात सरासरी ९१ केस वाढले, नुसत्या औषधाने २२. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत म्हणजे सुया टोचल्यावर औषध लगेच नव्हे, २४ तासांनी लावायचे होते. म्हणजे फक्त छिद्रांतून औषध शिरले, एवढाच हा मामला नाही. बारीक जखमा भरताना केसांची मुळेही जागी होत असावीत. अर्थात अभ्यास लहान आणि थोड्या काळाचा होता.

म्हणून ऑनलाइन रोलर मागवून घरी टाळू सोलू नका. टोचलेल्या जागी लगेच औषध लावले तर ते जास्त प्रमाणात रक्तात जाऊ शकते. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. चक्कर, छातीत धडधड होऊ शकते. भावाभावांत एकच रोलर वापरणे तर ब प्रकारच्या काविळीला आमंत्रण. आता त्वचारोगतज्ज्ञ कमी मात्रेत गोळीही देतात, पण हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा.

औषध केसांना नव्हे, कोरड्या टाळूला लावा. नंतर हात धुवा. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी तिच्यापासून दूर ठेवा. तिच्यासाठी हे विष आहे.