नाव नोंदणाऱ्याचे, दगड आपला

मोहोळ परिसरात विहीर खणताना जो काळा कातळ सुरुंगाने फोडावा लागतो, त्याच जातीचा कातळ पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतही फुटला. तेथील पोकळ्यांत गडद निळे ‘कॅव्हन्साइट’ सापडले आणि जगभरच्या संग्राहकांना ते गाव ठाऊक झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांच्या नावांतील अक्षरे जोडून हे नाव सिद्ध झाले. तथापि शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद १९७३ मध्ये झाली, ती अमेरिकेतील ऑरेगनच्या नमुन्यांवरून. त्याच घटकांच्या, पण निराळ्या स्फटिकरचनेच्या भावंडाला त्याच्या पंचकोनी जुळणीवरून ‘पेंटागोनाइट’ म्हटले गेले.

या खनिजांना रंग देणाऱ्या धातूच्या नावाची कथा अधिक उद्बोधक आहे. मेक्सिकोतील प्राध्यापक देल रिओ यांना १८०१ मध्ये झिमापानच्या तपकिरी शिसेखनिजात तो आढळला. क्षारांच्या विविध रंगांमुळे त्यांनी त्याला ‘पॅनक्रोमियम’ म्हटले. तापवल्यावर क्षार लाल होतात हे पाहून नंतर ‘एरिथ्रोनियम’. पुढे पॅरिसच्या एका रसायनज्ञाने, हे तर अशुद्ध क्रोमियम, असा निर्वाळा दिला आणि देल रिओंनी आपला दावा मागे घेतला. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोम यांना तोच धातू लोखंडात गवसला. नॉर्स सौंदर्यदेवता व्हॅनाडिस हिच्यावरून तो ‘व्हॅनेडियम’ झाला. दोन्ही धातू एकच, हे व्होलर यांनी लवकरच सिद्ध केले. परंतु नाव बदलले नाही. झिमापानचे ते खनिजही आज ‘व्हॅनेडिनाइट’ म्हणूनच ओळखले जाते.

यातील बोध स्पष्ट आहे. वस्तू कोणाच्या भूमीत आहे याला नामकरणात महत्त्व नाही. ती प्रथम कोणी पारखली, नोंदली आणि त्या नोंदीवर कोण ठाम राहिले, याला आहे. उलटपक्षी, केवळ गावाचे नाव दिल्यानेही ते टिकत नाही. पुण्यावरून ‘पूनालाइट’ हे नाव एकोणिसाव्या शतकात दिले गेले. पण ते खनिज आधीच ज्ञात असल्याचे ठरताच नाव मागे पडले.

तेव्हा अभिमानाच्या घोषणांपेक्षा सवयीची गरज अधिक आहे. विहिरीच्या मलब्यातील स्फटिक शेतकरी ‘गारगोटी’ म्हणून बांधावर टाकतो, यात त्याचा दोष नाही. मोहोळसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या शाळा-महाविद्यालयांनी गाव, खोली व तारीख लिहून असे नमुने जपावेत आणि शंकास्पद ते तज्ज्ञांकडे पाठवावेत. त्याला खर्च फारसा नाही. नवे खनिज निघेलच असे नाही. पण निघाले, तर त्याची पहिली नोंद परक्या दप्तरात होऊ नये.